नामंजूर झालेलं कॅबिनेट

विश्राम,

तुझ्या माघारी लोक तुझ्याबद्दल फारच चांगलं बोलायला लागले आहेत. तुला हे मुळीच आवडलं नसतं. तेराव्याला तुझ्या ओटीवर बसून एक गृहस्थ सांगत होते, की विश्राम आयुष्यात कोणाला उलट शब्द बोलला नाही. मी खाली मान घालून चहा पीत राहिलो. तू मला बोललेले उलट शब्द आठवायला बसलो असतो, तर चहा निवून गेला असता. शाळेत एका बाकावर होतो तेव्हापासूनचे आहेत ते, आणि त्यातले बरेचसे मी कमावलेले होते.

तुझं वय, तुझं गाव, मागे कोण कोण आहे, ते तुझ्या भावाने पेपरात छापून आणलं आहे. ते पुन्हा लिहीत नाही. मला त्या एका कॅबिनेटबद्दल लिहायचं आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या तंत्रशाळेसाठी तू कॉम्प्युटरचं कॅबिनेट बनवलंस, मी ते तपासलं आणि त्यावर 'नामंजूर' असा शेरा मारला. त्यानंतर आपण लग्नामुंजीत भेटलो, बाजारात भेटलो, पाऊसपाण्याचं बोललो, पण त्या शेऱ्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्यातली खरी गोष्ट मला ठाऊक होती आणि ती मी दाबून ठेवली. तू असताना सांगायला हवी होती. आता निदान लिहून तरी काढतो.

सुरुवात माझ्यापासूनच झाली. रत्नागिरीत तेव्हा कॉम्प्युटर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. मांडवीला, समुद्राकडे खिडक्या असलेल्या आमच्या त्या इमारतीत सहा कॉम्प्युटर बसवायचं ठरलं. आतले भाग मुंबईहून आणायचे आणि जोडणी मी करायची, कारण मुंबईला तीन महिन्यांचा कोर्स करून आलेला इलेक्ट्रॉनिक्सचा मास्तर मी एकटा. नमुना म्हणून एक रिकामं कॅबिनेट मुंबईहून आलं. ते सायकलच्या कॅरियरला सुतळीने बांधून मी मिरजोळ्याला तुझ्या शेडवर आणलं. तू स्टीलची कपाटं करायचास, ट्रंका करायचास, मिरकरवाड्याच्या ट्रॉलरवाल्यांना बर्फाच्या पेट्या करून द्यायचास. पत्र्यातलं तुझ्याइतकं कळणारा दुसरा माणूस मला माहीत नव्हता, अजूनही नाही.

तू ते कॅबिनेट उचललंस, उलटं केलंस आणि कडेवरून अंगठा फिरवलास. रक्त आलं. अंगठा तोंडात धरून तू म्हणालास, "कोणी केलंय रे हे? ह्याला घरदार हाय की नाय? आपल्या घरात ठेवील काय हा असलं?"

मग वरच्या झाकणावर तळवा दाबलास. झाकण खाली गेलं आणि टण्ण करून वर आलं.

"आणि ह्याच्यावर तू टीव्ही ठेवणार?"

"टीव्ही नाही रे, मॉनिटर."

"वजन तेच ना?" आणि नखाने एका कोपऱ्यातला रंग खरवडून दाखवलास. रंग पापुद्र्यासारखा निघाला, खाली उघडा पत्रा. "एक पावसाळा काढील हे. मांडवीला अर्धा."

तुला कपाटांचा कंटाळा आला होता, हे मला त्या दिवशी कळलं. वीस वर्षं तेच चार खण, तेच कुलूप, तोच आरसा. या डब्यात तुला काहीतरी नवीन दिसलं. मी निघायच्या आत तू मोजपट्टी काढून बसलास. दुसऱ्या दिवशी फाटकावरच्या पाटीवर 'बर्फाच्या पेट्या'च्या खाली 'कॉम्प्युटर कॅबिनेट' असं रंगवूनही घेतलंस. अजून एकही कॅबिनेट झालेलं नव्हतं. मी हसलो, तर म्हणालास, "पाटी आधी, म्हणजे मागं फिरता येत नाय."

आता तुझ्या कॅबिनेटचं मूल्यमापन. दोन वर्षांपूर्वी ते करायची मला प्राचार्यांनी जबाबदारी दिली होती आणि मी ते धड केलं नाही. म्हणून आता नीट करतो. ऐक.

पत्रा मुंबईच्या नमुन्यापेक्षा जाड होता. त्यामुळे वजन इतकं, की उचलायला दोन माणसं लागत. तू त्याला दोन्ही बाजूंना ट्रंकेच्या कड्या लावल्यास. मी म्हटलं, कॉम्प्युटर घेऊन कोणी गावाला जात नाही. "साफसफाईला हलवायचा तर असेल ना?" असं तू म्हणालास. सगळ्या कडा आत दुमडलेल्या. कुठेही हात घाला, ओरखडा नाही. पुढे मुंबईच्या डब्यांत मी सहा मशीन जोडली तेव्हा माझ्या बोटांना इतक्या पट्ट्या बांधल्या होत्या, की खडू धरता येईना.

झाकण तू मागे बिजागऱ्यांवर बसवलंस. मुंबईचं झाकण पाच स्क्रू काढून मागे सरकवावं लागे आणि सरकवताना आतली एखादी वायर हमखास ओढली जाई. तुझं झाकण समोरून उचललं की आतलं सगळं एका नजरेत दिसायचं. झाकणाखाली आडवी एक पट्टी दिलीस आणि त्यावर तू स्वतः उभा राहून दाखवलंस. तुझं तेव्हाचं वजन पाहता मॉनिटरची काळजी मिटली. चालू-बंद करायचं बटण मुंबईवाल्यांनी उजव्या बाजूला पार मागे ठेवलं होतं, वाकून चाचपडावं लागायचं. तू ते समोर आणलंस. फ्लॉपी घालायच्या फटीवर टपालपेटीला असते तशी खाली पडणारी झडप बसवलीस. पाय इंचभर उंच, चपलेच्या जाड रबराचे कापलेले, म्हणजे खालून फडकं फिरवता येईल आणि मुंग्यांना चढायला वेळ लागेल. हे शेवटचं तुझं म्हणणं. मुंग्यांचा मला अनुभव नाही.

चुकाही होत्या. पाठीमागे कार्डं बसवायच्या ज्या आठ खाचा, त्यातल्या तीन किंचित सरकल्या होत्या. कार्ड तिरकं बसायचं. मी दाखवल्यावर तू कानस घेतलीस आणि बसल्या बसल्या त्या नीट केल्यास, तोंडाने "मुंबईवाला मिलिमीटर वेगळा असतो वाटतं" असं पुटपुटत. कुलूप तू कपाटाचंच लावलंस, भलंमोठं. समोरून बघणाऱ्याला आत दागिने असावेत असं वाटे.

आणि रंग. रंगाबद्दल तुझं ऐकलंच पाहिजे असं होतं. मिरकरवाड्याच्या बर्फ कारखान्याच्या दारावर तू वेगवेगळे रंग दिलेल्या पत्र्याच्या पट्ट्या तारेने बांधून ठेवायचास, वर्षभर. खारा वारा, बर्फाचं पाणी, मासळीच्या टोपल्यांचे धक्के, सगळं त्यांच्यावरून जायचं. मग त्या पट्ट्या आणून तू शेडमध्ये ओळीने मांडायचास. तू मला एक पट्टी दाखवलीस. बाकी ठणठणीत, पण मधल्या भोकाची कड रंगवायची राहिली होती आणि तिथूनच ती अर्धी सडली होती. "गंज भोकातनं शिरतो, मन्या. पत्र्याला जिथं जिथं भोक, तिथं तिथं रंग. बोल्ट असेल तर बोल्टला पण." म्हणून तुझं कॅबिनेट आतून-बाहेरून तीन हात रंगवलेलं होतं. एक हात लाल ऑक्साईड, वर दोन हात करडा. आत तळाशी अर्थिंगसाठी मी एक बोल्ट मागितला होता. तोही तीन हात.

हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ते लक्षात असू दे.

आपलं वाजलं ते हवेवरून. मी म्हणत होतो की समोर आणि बाजूला फटी पाहिजेत. आत पॉवर सप्लायचा पंखा गरम हवा मागे फेकतो, तर तेवढी गार हवा कुठून तरी आत आली पाहिजे. तू म्हणालास, "बाहेर टाकायला आधी आत घ्यावी लागते, हे मला सांगतोस? पण खारी कशाला घ्यायची?" शेवटी तळाला चार बोटांची एक फट ठेवलीस, तिलाही डासांची जाळी. मी म्हटलं, एवढ्याने आतलं तापेल. तू म्हणालास, जाड पत्रा उष्णता ओढून घेतो. मी म्हटलं, मोजून बघू. त्यावर तू घरून तापाचा थर्मामीटर आणलास.

तो प्रसंग आठवला की मला अजून हसू येतं. मशीन दोन तास चालू ठेवून तू झाकण उचललंस आणि थर्मामीटर आत ठेवलास. पारा थेट टोकाला गेला आणि तिथेच बसला. मी म्हटलं, "बघ, कॅबिनेट तापाने फणफणलंय." तू म्हणालास, "चहात बुडवला तरी एवढाच चढतो तो. चहा काय आजारी असतो?" मी म्हटलं, पुस्तकात याचं गणित दिलेलं आहे. त्यावर शेडमधली तुझी दोन्ही माणसं ऐकत असताना तू म्हणालास, "तुजं सगळं पुस्तकातलं, मन्या. हातातलं काय नाय. साधा स्क्रू फिरवलेला बघितला नाय मी तुला कधी."

तू ते रोजच्यासारखं बोललास. ती माणसं हसली, तीही रोजच्यासारखीच. मला मात्र ते लागलं. मुंबईचा कोर्स, शाळेतला मान, सगळं त्या एका वाक्यात गेलं असं वाटलं.

कॅबिनेट शाळेत न्यायच्या आधी अर्थिंगची वायर जोडायची राहिली होती. तू पाना घेऊन पुढे आलास आणि म्हणालास, "दे, आवळून देतो." मी तुझ्या हातातून पाना घेतला. "राहू दे. हे माझं काम आहे," असं म्हटलं. आणि त्या बोल्टवर वायरचं टोक ठेवून, वरून नट घालून मी तो असा करकचून आवळला, की तुला दिसावं मला स्क्रू फिरवता येतो. रंग मी खरवडला नाही. पहिल्या वर्षाच्या पोरांना मी पहिल्या आठवड्यात शिकवतो, की अर्थिंगचा जोड उघड्या धातूवर करायचा. रंगावरून वीज जात नाही. तरी मी तो रंगावर केला, कारण माझं लक्ष जोडाकडे नव्हतं, तुझ्याकडे होतं.

सोमवारी कॅबिनेट मांडवीला आलं. मंगळवारी सकाळी मी मशीन चालू केलं. आमच्या कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर तेव्हा पाटी होती, 'चपला बाहेर काढाव्यात', आणि धुळीच्या भीतीने आम्ही ती देवळासारखी पाळायचो. समुद्रावरच्या दमट हवेने फरशी ओलसर. मी अनवाणी उभा राहून झाकणाला हात लावला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. पुन्हा लावला, पुन्हा आल्या. टेस्टर लावला, दिवा लागला. तुझ्या शेडमध्ये आपण सगळे चपला घालून, लाकडी फळीवर उभे असायचो. तिथे ते कोणालाच कळलं नव्हतं.

झाकण उचललं आणि मला काय झालं ते मिनिटभरात समजलं. नट उलटा फिरवला. वायरचं टोक गुळगुळीत करड्या रंगावर बसलेलं होतं. माझ्या टेबलाच्या खणात पॉलिश पेपर होता. तीन मिनिटांचं काम. रंग घासायचा, जोड करायचा, वरून थोडं ग्रीस लावायचं, आणि तुझं कॅबिनेट त्या मुंबईच्या डब्याच्या दसपट सरस ठरत होतं.

मी पॉलिश पेपर काढला नाही. नट पुन्हा होता तसा आवळला. मंगळवार गेला, बुधवार गेला, गुरुवारी मी तुझ्या शेडवरून सायकलने गेलो आणि आत वळलो नाही. शुक्रवारी मी प्राचार्यांना अहवाल दिला. त्यात कडा, बिजागऱ्या, समोरचं बटण, यातलं काही नव्हतं. वाक्यं एवढीच होती: 'कॅबिनेटला आतून रंग दिल्यामुळे अर्थिंग मिळत नाही. वापरणाऱ्यास झटका बसण्याचा धोका आहे. नामंजूर.' वाक्यं एकेक करून तपासली तर बरोबर आहेत. पण वायर कोणी जोडली, ते मी लिहिलं नाही.

तुला शाळेचं पत्र गेलं. सोबत माझ्या अहवालाची नक्कल. तू दुपारी टेम्पो घेऊन कॅबिनेट न्यायला आलास. आयुष्यात पहिल्यांदा तू मला 'सर' म्हणालास.

"अर्थिंग मिळत नाय म्हणालात, सर?"

"नाही मिळत."

"बोल्ट दिला होता."

"दिला होता. पण त्यावर रंग आहे."

तू झाकण उचललंस, बोल्टकडे पाहिलंस, वायरकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता बोलेल. ओरडेल. तू ओरडला असतास, तर मीही ओरडलो असतो आणि त्या ओरडण्यात सगळं बाहेर पडलं असतं. तू झाकण हळू मिटलंस. "रंग खरवडायला कितीसा वेळ लागतो?" एवढंच म्हणालास. प्रश्न होता तो. तुझ्या माणसाने एक कडी धरली, तू दुसरी, आणि ते टेम्पोत चढवून तुम्ही गेलात.

मुंबईहून सहा कॅबिनेटं आली. तू पुन्हा कपाटं करायला लागलास. पाटीवरचा तो शब्द तू पुसला नाहीस. पुढच्या वर्षी पाटी नव्याने रंगवलीस, तेव्हाही तो तसाच राहू दिलास. मी येता-जाता वाचायचो.

सांगायची संधी आली नव्हती असं म्हणायला तोंड नाही. माझ्या मुलीच्या लग्नात कपाट तुझ्याकडूनच घेतलं. तू स्वतः पोचवायला आलास, दार उघडून दाखवलंस, म्हणालास, "कडा बघून घ्या. दुमडलेल्या हायत." घरात पाहुणे होते, मी म्हटलं नंतर बोलू. एकदा मिरकरवाड्याला सकाळी मासळी घ्यायला गेलो, तर तू बर्फ कारखान्याच्या दारावरच्या पट्ट्या सोडवत होतास. आसपास कोणी नव्हतं. मी यंदाच्या रंगाबद्दल विचारलं, तू मला सविस्तर सांगितलंस, चांगली दहा मिनिटं. मी ऐकलं आणि दोन पापलेटं घेऊन घरी आलो. मला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा जास्त, तू काय बोलशील याची भीती. आता तू काही बोलणार नाहीस, आणि तेच सोसत नाही.

मुंबईच्या सहा कॅबिनेटांचं काय झालं, तेही सांगतो. पहिल्या पावसाळ्यात मागच्या कडा तांबूस झाल्या. दुसऱ्यात स्क्रू फिरेनासे झाले. बाजूच्या फटीतून एक पाल आत शिरली, पॉवर सप्लायवर मेली आणि मशीनही घेऊन गेली. मात्र ऐन उन्हाळ्यात दुपारी ती आतून गार असतात. हे तुला मान्य करावं लागलं असतं. तू केलं नसतंस.

तेरावं झालं, तुझा भाऊ मुंबईला परत गेला. दोन दिवसांनी वहिनींनी मला बोलावणं पाठवलं. शेड उघडायची होती, अर्धवट राहिलेली कामं कोणती आणि अवजारं कोणती ठेवायची, ते बघायला कोणीतरी हवं होतं. वहिनींना मी इतकी वर्षं घरी चहा देताना पाहिलं होतं. शेडमध्ये त्या सराईतासारख्या वावरल्या. कुठल्या डब्यात काय आहे ते न उघडता सांगत होत्या.

वरच्या फळीवर ते कॅबिनेट होतं. मी खाली काढलं. झाकण उचललं. तळाची फट चार बोटांचीच, एकही भोक तू वाढवलं नव्हतंस. बोल्टवरचा रंग मात्र गोल खरवडलेला, धातू लखलखीत, त्यावर ग्रीस. काम तुझ्याच हातचं.

वहिनी मागून म्हणाल्या, "ते तेवढं मोडीत घाला, भावजी. मला बघवत नाय."

मी विचारलं, का.

"माज्यामुळं गेलं ना ते काम."

मला समजेना. त्या डब्यातले स्क्रू निवडत बोलत राहिल्या. "रंग मीच मारते हितला. लग्न होऊन आले तेव्हापासनं. ह्यांनी सांगितलं होतं, आत कुठं उघडं ठेवायचं नाय. मी बोल्टवर पण तीन हात दिले. आणि कागद आला, रंगामुळं नामंजूर. ह्यांना केवढी आस होती त्या कामाची! त्यानंतर वर्षभर मी ब्रश हातात घेतला नाय."

तुझी कपाटं कोण रंगवतं, हे मी वीस वर्षांत तुला कधी विचारलं नव्हतं.

"विश्राम काय म्हणाला तुम्हाला?"

"ते म्हणायचे, तुजा काय दोष नाय, रंग बरोबर होता. वायर जोडणाऱ्यानं तेवढा खरवडायचा असतो. मला वाटायचं, माजी समजूत काढतायत. कागदावर तर शिकलेल्या माणसानं सरळ लिहिलेलं."

म्हणजे तुला सगळं कळलं होतं. टेम्पो घेऊन आलास तेव्हाच कळलं असणार. बाहेर तू माझं नाव कुठे काढलं नाहीस. घरात तू खरं सांगत राहिलास आणि माझ्या सहीच्या कागदापुढे ते चाललं नाही. मी समजत होतो, माझ्या गप्प बसण्याने गेलं ते तुझं एक काम, आणि तू आहेसच घट्ट, सोसशील. तुझ्या घरात कोणी दोन वर्षं स्वतःला दोष देत असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

मी तिथेच, स्टुलावर बसून, वहिनींना सगळं सांगितलं. पाना तुझ्या हातातून घेतला ते, रंग पाहिला होता ते, मंगळवार ते शुक्रवार. त्या स्क्रू निवडायच्या थांबल्या.

"मंगळवारीच कळलं होतं तुमाला?"

"हो."

"हे त्यांना सांगितलंत काय कधी?"

"नाही."

मग त्या उठल्या, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "तेव्हा कागदावर लिहिलंत ना? मग हे पण कागदावर लिहा."

आज सकाळी मी प्राचार्यांना पत्र दिलं. दोन वर्षांपूर्वीच्या अहवालातला दोष कॅबिनेटचा नव्हता, रंगाचाही नव्हता, जोडणी मी चुकीची केली आणि ते मला अहवालाआधीच कळलं होतं, असं त्यात लिहिलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पत्र फायलीला लावलं. शाळेला आणखी सहा कॉम्प्युटर घ्यायचे आहेत, ते मी मागच्याच आठवड्यात ऐकलं होतं. या वेळी कॅबिनेटं मिरजोळ्याची घ्यावीत, अशी शिफारस मी त्याच पत्रात केली. ती मेहेरबानी नाही. तीन मिनिटांचं काम मी त्या वेळी केलं असतं, तर हेच झालं असतं.

पत्राची नक्कल घेऊन दुपारी शेडवर गेलो. वहिनींनी दारात उभ्या राहून ती वाचली. अक्षरावर बोट ठेवून, दोनदा. मग घडी घातली आणि कपाटाच्या खणात ठेवली. मी सहा कॅबिनेटांचं विचारलं.

"करू," त्या म्हणाल्या. "माणसं हायत. मापं ह्यांच्या वहीत हायत. रंग मी मारीन."

मी बरं म्हटलं आणि सायकल काढली. त्यांनी मागून हाक मारली.

"भावजी, वायर आमी हितनंच जोडून देणार. तुमच्याकडं नाय."

मी मान हलवली, विश्राम. त्या आत गेल्या आणि ब्रश भिजत घातले.